धरलं म्हणेपर्यंत

लिफ्टने आधी एक बारीक गचका दिला आणि मग बोलता बोलता एखाद्याने शब्द विसरावा तशी ती मध्येच थांबली. मी मनातल्या मनात म्हणालो, तिसऱ्या मजल्याचं दार. म्हणजे घाबरायच्या आधी, कडेवरच्या लेकीकडे, गुंडीकडे बघायच्याही आधी, माझ्या डोक्यात पहिलं काही आलं असेल तर ते तिसऱ्या मजल्याच्या दाराच्या कुलपातला घासून गुळगुळीत झालेला कॉन्टॅक्ट; तो जुळला नाही की लिफ्ट जागच्या जागी थांबते. कितीतरी दिवस मी वॉचमनच्या कानीकपाळी ओरडतोय की बाबा रे, ते दार नीट बसत नाहीये, कंपनीला कळव. आणि तो दर वेळी मान अशी हलवतो की आत्ताच फोन उचलणार. आता बसा. मोठा दिवा गेला आणि छतातला छोटा पिवळा दिवा लागला. पंखा थांबल्यावर आतलं सगळं एकदम जवळ आलं: गुंडीच्या केसांचा साबणाचा वास, तिच्या पाठीवरच्या नव्या कोऱ्या पिशवीचा प्लास्टिकचा वास, आणि फटीतून येणारा खालच्या ग्रीसचा तो काळा, थंड, ओळखीचा वास. गुंडीने दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "संपली?" तिने विचारलं. तिच्या लेखी जे जे थांबतं ते संपतं. नळ संपतो, बस संपते, गाणं संपतं. "संपली नाही गं, थांबलीये," मी म्हणालो. "का?" "कारण वॉचमनकाका आळशी आहेत." हे तिला पटलं. मी घंटेचं बटण दाबून धरलं. खाली कुठेतरी ती घंटा खणखणली आणि मला उगाचच बरं वाटलं. घंटेची बॅटरी तरी कुणीतरी बदललेली दिसतेय.

आज गुंडीचा पाळणाघरातला पहिला दिवस होता. बायको टॅक्सी थांबवायला जिन्याने पुढे गेली होती, कारण तिला लिफ्टची वाट बघवत नाही आणि टॅक्सीवाल्यांवर तिचा विश्वास नाही. पाळणाघरवाल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं की पहिल्या दिवशी उशीर चालणार नाही. दहापर्यंत मूल आलं नाही तर जागा पुढच्या नंबराला, आणि पुढचे नंबर ढीगभर आहेत. आणि सोमवारपासून मी परत कामावर. माझ्या जुन्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, नवीन पोरांना शिकवायला. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या विहिरीत उतरणं नाही, रात्री-अपरात्री फोन नाही, सकाळी जायचं आणि संध्याकाळी माणसासारखं घरी यायचं. अशी नोकरी चालून आलेली बघून सासूबाईंनी फोनवर 'देव पावला' असं म्हटलं होतं, आणि ते इतक्या मोठ्याने की पलीकडच्या खोलीत मला ऐकू यावं. सगळं ठरलेलं होतं. फक्त माझ्या पोटात काल रात्रीपासून काहीतरी सैल वाजत होतं, एखादा बोल्ट पिळायचा राहून गेल्यासारखं, आणि तो कुठला ते सापडत नव्हतं.

मी लिफ्टवाला आहे, चालवणारा नव्हे, दुरुस्त करणारा. होतो म्हणायला हवं, पण म्हणवत नाही. लिफ्टवाला लिफ्ट डोळ्यांनी बघत नाही. नवीन पोरं बघतात, टॉर्च मारून मारून. आमचे उस्ताद म्हणायचे, डोळे मीट, हात भिंतीला लाव आणि पायाने ऐक. दोर कुठे ओढला जातोय, रूळ कुठे कोरडा पडलाय, दार कुठे घासतंय, सगळं तळपायातून वर येतं. मला ते यायचं. माझ्यासारखं दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. आता फुशारकी वाटली तर वाटो. आणि उस्तादांनी दुसरी एक गोष्ट आमच्या अंगात भिनवली होती, ती म्हणजे शाफ्टमध्ये वस्तू कशी द्यायची. पाना असो, मोटरचा भाग असो, नाहीतर पाण्याची बाटली. देणाऱ्याने हात सोडायचा नाही, जोवर घेणारा तोंडाने 'धरलं' म्हणत नाही तोवर. आणि मग देणाऱ्याने 'सोडलं' म्हणायचं, आणि मगच सोडायचं. दिसतंय, कळतंय, हात लागलाय, हे काही चालत नाही. अंधारात हात लागल्यासारखा वाटतो आणि तो दोराला लागलेला असतो. एकदा माझ्या जोडीदाराने, म्हणजे लंब्याने, वरून मोठा पाना दिला. घेणारा नवीन होता, तो 'धरलं' न म्हणता नुसता 'हं' म्हणाला, आणि लंब्याने सोडला. पाना थेट तळाला. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. लंब्याचाच जेवणाचा डबा होता, तो पोळीसारखा चपटा झाला. उस्ताद वरून उतरले. खाली आले, चपटा डबा उचलला आणि वर्कशॉपच्या भिंतीवर खिळ्याला टांगला. अजूनही तिथेच असेल. 'हं' म्हणजे धरलं नव्हे, एवढं त्या डब्याने आम्हा सगळ्यांना शिकवलं.

आणि मग गुंडी झाली. दवाखान्यात नर्सने ते एवढंसं गाठोडं माझ्यापुढे केलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "धरलं!" नर्स दचकली. बायको पलंगावर पडल्या पडल्या इतकी हसली की टाके दुखले म्हणून मला शिव्या दिल्या. पण घरी आल्यावर तीच पहिली म्हणायला लागली. अंघोळीनंतर ओल्या, निसटत्या पोरीला एकमेकांकडे देताना "धरलं?" "धरलं." "सोडलं." अर्धवट झोपेत, डोळे न उघडता, पांघरुणाच्या वरून, "धरलं," "सोडलं." सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना वाटलं आम्हा दोघांना वेड लागलंय. त्यांनाही शेवटी सवय झाली, फक्त त्या 'घेतलं गं बाई, घेतलं' म्हणायच्या, आणि आम्ही ते नापास करायचो. गुंडी या सगळ्याच्या मधून या हातातून त्या हातात जायची. हे शब्द तिच्या डोक्यावरून जात. तिच्यासाठी ते नव्हतेच मुळी. ती बिचारी सामान होती.

बायकोची रजा संपली तेव्हा मी घरी राहिलो. यात कुणी कुणासाठी त्याग वगैरे केला नाही, लोक उगाच तोंडावर करुण भाव आणतात. ती बस कंपनीत वेळापत्रकं बनवते. कुठली बस कुठून किती वाजता सुटायची, ड्रायव्हरने जेवायचं कधी, सगळं तिच्या डोक्यात. तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त, शिवाय तिला रात्री दोन वाजता कुणी उठवून 'बस अडकलीये, या' म्हणत नाही. मला म्हणायचे. तान्ह्या पोरीच्या घरात असं चालत नाही. आम्ही एका संध्याकाळी बसलो, बोललो आणि त्या वेळी मात्र चांगलं मोठ्याने म्हणालो. ती म्हणाली, "घर तू धरलंस?" मी म्हणालो, "धरलं." ती म्हणाली, "सोडलं," आणि दुसऱ्या दिवशी मागे वळून न बघता कामावर गेली. पहिल्या महिन्यात मी चार वेळा खिमट... छे, खिमट कसलं, साधा भात जाळला. पण शिकलो. आज मला पलीकडच्या खोलीतून खोकला ऐकून सांगता येतं की हा घशाचा की छातीचा की नुसता लक्ष वेधायचा. बागेत इतर मुलांच्या आया मला आधी बिचकायच्या, आता सर्दी झाली की मला विचारतात. एक आजोबा मात्र भेटले की हटकून म्हणतात, "काय, आज सुट्टी का?" मी म्हणतो, "नाही आजोबा, आज ड्यूटी." ते रोज हसतात आणि रोज विसरतात. मला लाज वाटली का? सुरुवातीला वाटली, खोटं का सांगू. पुरुष माणूस दुपारी दूध आणायला निघाला की रस्ता लांब होतो. मग एके दिवशी लक्षात आलं की रस्ता आहे तेवढाच आहे, आणि दूध तर आणायलाच हवं.

"पप्पा, ते बघ," गुंडी म्हणाली. छतावर एक पतंग दिव्याभोवती फिरत होता. तोही आमच्यासोबत अडकला होता. मी खाली बसलो, तिला मांडीवर घेतलं, पाठीवरची पिशवी काढली. पिशवीत एक फ्रॉक, पाण्याची बाटली आणि तिची चिंधीची उशी होती. उशी मीच काल घडी करून ठेवली होती. घडी करताना वाटलं होतं, झोपताना ही कुणाच्या हातून घेईल, आणि मग त्या विचारावर मी पाणी प्यायलो, कारण तो विचार सुका होता. गेल्या आठवड्यात पाळणाघर बघायला गेलो होतो. चांगलं आहे. मी खिडक्यांच्या कड्या ओढून बघितल्या, जिन्याचं फाटक हलवलं, स्वयंपाकघराच्या दाराला आतून बाहेरून कडी आहे की नाही तपासलं, पाळण्यांचे नट हाताने फिरवून बघितले. एक सैल होता, तो घट्ट केला. बायको म्हणाली, "अरे, ही लिफ्ट नाहीये." मी म्हणालो, "म्हणूनच बघतोय." बाई उंच, केस अगदी बारीक कापलेले, पुढे मोठ्या खिशाचा एप्रन, आणि आवाज असा की अख्खी खोली न ओरडता गप्प बसते. मला त्या आवडल्या. त्यांनी हात पुढे केले, मी गुंडीला पुढे केली, त्यांनी तिला काखेखाली हात घालून धरलं, आणि मी उभाच. त्या थांबल्या. मी थांबलो. गुंडी दोघांच्या मध्ये, पाय हवेत. त्यांनी हलकेच ओढली. मी धरून ठेवली. किती वेळ गेला कोण जाणे, बायकोने माझ्या पाठीत कोपर मारलं तेव्हा मला कळलं की मी काय करतोय. मी त्या 'धरलं' म्हणायची वाट बघत होतो. बाईंनी माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मी काही समजावूच शकलो नाही. निघताना त्या बायकोला हळूच म्हणाल्या, "मुलीचं काही नाही हो. बाबांना जड जाणार." रस्त्यावर बायको आधी खूप हसली आणि मग घरापर्यंत माझ्या पुढे चालत राहिली.

त्यानंतर घरात एक विचित्र सौजन्य आलं. ती मला चहा करून द्यायला लागली, मी तिचे बूट पुसून ठेवायला लागलो. भांडण असतं तर बरं झालं असतं. मी बघत होतो की ती कामावरून येते आणि बूट न काढता खुर्चीत बसते, डोळे उघडे ठेवून. बढती मिळाल्यापासून जास्तच. घरभाडं, दवाखाना, सासूबाईंचं औषध, सगळं तिच्या एका पगारावर उभं. आणि मी माणसांची वजनं उचलणारा माणूस, मला माहीत आहे एका दोरावर लिफ्टची गाडी चालवत नाहीत. चालते, पण चालवत नाहीत. म्हणून वर्कशॉपमधून निरोप आला तेव्हा मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, छानच आहे की. पाळणाघराची फी माझ्या पगाराचा मोठा लचका तोडणार होती, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा, तरी काहीतरी उरत होतं. काल जेवण झाल्यावर ती ताटं उचलता उचलता म्हणाली, "मग उद्या सोडायचं ना तिला?" आणि मी टेबल पुसत म्हणालो, "हं."

मी त्या लिफ्टच्या जमिनीवर बसलो होतो, मांडीवर गुंडी, आणि मला एकदम तो सैल बोल्ट सापडला. हं. मी हं म्हणालो होतो. आणि तिनेही ते चालवून घेतलं होतं. दोघांनीही हात सोडले होते आणि कुणीच धरलेलं नव्हतं. मला स्वतःचाच असा संताप आला की मी मोठ्याने म्हणालो, "गाढव!" गुंडी म्हणाली, "कुठंय?"

"आत आहात का रे?" वरून नाही, खालून आवाज आला. बायको. तिसऱ्या मजल्याच्या दाराशी उभी राहून, फटीला तोंड लावून बोलत होती. धापा टाकत होती. "मम्मा!" गुंडी ओरडली. "आम्ही मजेत आहोत," मी म्हणालो. "गाडी चौथ्याच्या जरा खाली आहे. कुणाला दार उघडायला देऊ नकोस, स्क्रूड्रायव्हर घेऊन शूर वीर येतील. कंपनीला..." "लंब्याला केलाय फोन. इथेच पुढच्या चौकात होता, निघालाय." हे मला आवडलं. माझ्या बायकोला फोन कुणाला करायचा ते सांगावं लागत नाही. "टॅक्सी?" "गेली. शिव्या देऊन गेली. दहाला अजून वेळ आहे, दुसरी मिळेल." मधे एक लोखंडी दार, एक पोकळी आणि आणखी एक दार. तिचं तोंड दिसत नव्हतं. मला वाटतं म्हणूनच बोललो. तोंड दिसलं असतं तर पुन्हा टेबल पुसत बसलो असतो.

"अगं ऐक. काल मी हं म्हणालो."

"काय?"

"काल. तू विचारलंस सोडायचं का, आणि मी हं म्हणालो. हं म्हणजे धरलं नव्हे."

जिन्यावरून कुणीतरी खाली गेलं, चपला वाजल्या. मग ती म्हणाली, आवाज जरा बारीक झाला होता, "मग आत्ता सांगतोस? लिफ्टमध्ये अडकून?"

"आधी कळलं नाही."

"तुला नकोय का ती नोकरी?"

"तुला हवीये का मला ती नोकरी?"

"अरे, मला वाटलं तुला घरातून सुटका हवीये!" ती इतक्या जोरात म्हणाली की तळमजल्यावरच्या वॉचमनलाही कळलं असणार. "मी बघितलंय तुला. संध्याकाळी मी येते, लिफ्टचं दार उघडतं, आणि तू आत एकटा, भिंतीला हात लावून, डोळे मिटून उभा. एकदा नाही, तीन-चारदा. मी जिन्यात मागे सरकले. मला वाटलं रडतोयस. वाटलं, घरात गुंडीसमोर रडता येत नाही म्हणून हा इथे येऊन रडतो."

मी हसायला लागलो. आवरेचना. गुंडीही हसायला लागली, तिला कारण लागत नाही. "अगं बाई, मी दोर ऐकत होतो! तिसऱ्याच्या दारापाशी खरखर येते ती ऐकत होतो. शेजारच्या काकू गुंडीला घेऊन गच्चीत खेळतात तेवढ्यात एक फेरी मारतो, वर-खाली." "फेरी मारतोस? लिफ्टमध्ये? मजा म्हणून?" "मजा म्हणून." मग तिचाही हसण्याचा आवाज आला, पण त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं होतं, आणि ती म्हणाली, "म्हणजे आठवण येतेच ना कामाची." मी खोटं बोलू शकलो असतो. ग्रीसचा वास समोर होता, तळपायाखाली गाडी स्वस्थ लोंबत होती, आणि माझ्या हातांना वरच्या मोटरचा ब्रेक आठवत होता. "येते," मी म्हणालो. "खूप येते."

"आणि मी थकते," ती म्हणाली. "आता निघालंय तर ऐक. कामाने नाही थकत. काम मला आवडतं. पण झोपताना रोज वाटतं, माझी नोकरी गेली तर? एवढं एकच वाटतं आणि झोप उडते. मी तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच जाशील म्हणून. मग निरोप आला आणि मला इतकं हायसं वाटलं की मला माझीच लाज वाटली." पतंग दिव्यावर टकटक करत होता. मला तिचा चेहरा बघायचा होता, आणि दिसत नाहीये म्हणून बरंही वाटत होतं. एक वर्षभर आम्ही एकाच पलंगावर, आणि हे ऐकायला मधे दोन लोखंडी दारं लागली. मी विचार केला नाही. विचार आधीच झालेला होता, खाली कुठेतरी, तळपायात. "माझं ऐक," मी म्हणालो. "मला काम हवंय. पण गुंडी अख्खा दिवस तिकडे नको. दुपारचं जेवण होईपर्यंत. झोपेला घरी, माझ्याजवळ. मी वर्कशॉपच्या साहेबांना सांगतो, सकाळची पोरं मी शिकवतो, दुपारची दुसऱ्याला द्या."

"पगार अर्धा मिळेल."

"फीही अर्धी लागेल."

"उरणार काय मग? चिल्लर."

"चिल्लरच. पण दुसरा दोर होईल. बारीक असला तरी दोर. उद्या तुझं काही झालंच तर तो जाड करता येतो, आधीपासून बांधलेला असला तर. नवीन बांधायला वेळ लागतो."

ती हिशेब करत असणार. मला माहीत आहे, हिशेब करताना ती डावा अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावते. बस सुटायची वेळ, बस पोचायची वेळ. "सकाळी तू सोडणार," ती म्हणाली, आता तिच्या ऑफिसच्या आवाजात, "दुपारी तूच आणणार. आजारी पडली तर पहिला दिवस मी, दुसरा तू. आपल्या चारचाकीचं स्वप्न अजून दोन वर्षं लांब." "लांब." "आईला मी सांगेन." "ते तूच सांग, माझी छाती नाही." "आणि साहेब नाही म्हणाले तर?" "तर मी पूर्ण वेळ घरी, आणि तू रोज रात्री मला उठवायचंस. एकटीने जागायचं नाही." मग फटीतून अगदी स्पष्ट आलं, "धरलं." मी म्हणालो, "सोडलं." आणि पोटातलं ते सैल वाजणं थांबलं. खरंच थांबलं, मी लक्ष देऊन ऐकलं.

लंब्या आला तो जिना दणाणत. "कोण अडकलंय बघा! गावच्या मास्तरांना आपलीच शाळा!" असं म्हणत तो दाराशी आला. मी त्याला सांगितलं, तिसऱ्याचा कॉन्टॅक्ट. तो म्हणाला, "बघतो की," आणि वर मशीनरूमकडे पळाला. थोड्या वेळाने शाफ्टमधून त्याचा आवाज उतरला, लांब, भरलेला, भिंतींना घासत आलेला, "मेन बंद! खाली घेतोय!" नियम असा की आतल्याने हाक परत करायची, नाहीतर वरचा ब्रेक सैल करत नाही. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी मांडीवरून बारीक किंकाळीसारखा आवाज गेला, "खाली घे!" मग लंब्या म्हणाला, "ही कोण नवीन भरती?" आणि गाडी हलली. हाताने सोडलेली गाडी कशी उतरते ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. मोटरचा आवाज नाही, घाई नाही, वरचं चाक हाताने जितकं फिरतं तितकीच ती उतरते. गुंडी माझा अंगठा धरून बसली होती. तिसऱ्याच्या पातळीला गाडी आली, दार उघडलं, आणि समोर बायको, नाक लाल, केस विस्कटलेले, एका हातात बूट, कारण जिना चढताना तिने ते काढून टाकले होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही नजर दुसरीकडे वळवली, नवीन लग्न झाल्यासारखी.

लंब्या हात पुसत खाली आला. "तिसऱ्याचा नव्हता," तो म्हणाला. "चौथ्याचा."

"चौथ्याचा?"

"चौथ्याचा. कान गंजले तुझे, मास्तर." तो दात काढत होता, पण मला चरचरलं. एक मजला चुकलो. एवढे दिवस त्या भिंतीला हात लावून, डोळे मिटून, आणि एक मजला चुकलो. बायको माझ्याकडे बघत होती आणि मला कळलं की तिला ते कळलंय. मी लंब्याला सकाळच्या पाळीचं विचारलं. तो म्हणाला, "साहेबांना सकाळीच पाहिजे माणूस. दुपारी पोरं साइटवर असतात, तेव्हा तुला काय भिंतींना शिकवायचंय? तूच विचारलं नाहीस म्हणून त्यांनी अख्खा दिवस म्हटलं." बायकोने बूट घातले. मग ती लंब्याला म्हणाली, "तो चपटा डबा आहे का अजून भिंतीवर?" लंब्या म्हणाला, "आहे, पण त्याच्याबद्दल बोलायचं नाही."

टॅक्सीत गुंडी माझ्या मांडीवर उभी राहून खिडकीतून प्रत्येक गोष्टीला हाक परत करत होती. सिग्नल लागला की "थांब!", गाडी निघाली की "निघ!" ड्रायव्हर आरशातून तिच्याकडे बघून हसला. बायकोने माझा हात धरला होता, बोटांना बोटं लावून, हिशेब न करता. मला भीती वाटत होती का? हो. पण ही भीती माझ्या ओळखीची होती; शाफ्टमध्ये पहिलं पाऊल टाकताना जी रोज वाटायची ती. ती नसेल त्या दिवशी आत उतरायचं नाही, असं उस्ताद म्हणायचे.

पोचलो तेव्हा दहाला थोडा अवकाश होता. बाई दारातच उभ्या होत्या, तोच एप्रन, खिशात एक रंगीत चेंडू. आतून मुलांचा कालवा येत होता, कुणीतरी रडत होतं, कुणीतरी डबा वाजवत होतं. मी त्यांना सांगितलं, दुपारच्या जेवणापर्यंतच, रोज मी स्वतः न्यायला येईन. त्या म्हणाल्या, "चालेल." मग त्यांनी हात पुढे केले आणि पुन्हा त्या मायेने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी सांगितलं. "बाई, आमच्याकडे एक पद्धत आहे. तुम्ही 'धरलं' म्हणायचं, मग मी सोडतो." "हं हं, द्या," बाई म्हणाल्या. "नाही, हं नाही," मी म्हणालो. "धरलं म्हणा." मागे बायकोने हसू दाबल्याचं मला ऐकू आलं. बाई गोंधळल्या. गुंडी पुन्हा दोघांच्या मध्ये, पाय हवेत, अर्धी त्यांच्या हातात आणि अर्धी माझ्या. बाई काहीतरी बोलणार इतक्यात गुंडीने हात लांब केला, एप्रनचा तो मोठा खिसा दोन्ही मुठींत गच्च पकडला, आत वाकून चेंडूकडे बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि चांगलं ठणकावून म्हणाली, "धरलं."

ती माझ्याकडे बघत होती. थांबली होती. तिला माहीत होतं की आता माझी पाळी आहे.

"सोडलं," मी म्हणालो, आणि सोडलं.